तारेवरचं झाड

आमचं परस नऊ फूट रुंद आणि चोवीस फूट लांब. त्यात पाण्याच्या टाकीचं झाकण, कपड्यांच्या दोन दोऱ्या आणि भांडी घासायची मोरी. या जागेत झाड लावलं तर एक तर झाड राहील नाहीतर आपण, असं सासूबाई म्हणत. आज तिथे दोन पेरू आणि एक अंजीर आहे, पुढच्या जाळीच्या कुंपणावर एक लिंबू आहे आणि कपड्यांच्या दोऱ्याही जागच्या जागी आहेत. परसातल्या तिन्ही झाडांनी भिंतीपासून मोजून दोन फूट जागा घेतली आहे. ती उंच-रुंद वाढतात, पण जाड होत नाहीत. दारावर तोरण लावावं तशी ती तारांवर पसरलेली आहेत.

युरोपात या पद्धतीला एस्पॅलिअर म्हणतात. शब्द मूळचा इटालियन, खांद्यावरून आलेला: खांदा टेकायला जे असतं ते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी या बागकाम अधिकाऱ्याने १६७८ ते १६८३ या काळात व्हर्सायला राजवाड्याची भाजी-फळबाग उभी केली. तिथे भिंतींना टेकवलेली नाशपतीची आणि सफरचंदाची झाडं आजही पाहायला मिळतात. पॅरिसजवळच्या माँत्रुई गावात तर पीचसाठी भिंतींचं जाळंच उभारलेलं होतं. दगडमातीच्या भिंती, त्यांना वरून पांढरा गिलावा. दिवसभर भिंतीने ऊन प्यायचं आणि रात्री ते झाडाला परत द्यायचं. थंड मुलखात पीच पिकवण्याची ती युक्ती होती. भिंत म्हणजे झाडाची शेगडी.

माझी पहिली चूक इथेच झाली. पुस्तकातली चित्रं पाहून मी पहिला पेरू पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीला अगदी चिकटवून लावला. दोन वर्षं तो झकास वाढला. तिसऱ्या मे महिन्यात आडव्या फांद्यांची वरची साल करपली, तडकली आणि पावसाळ्यात तिथून कूज आत शिरली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात तापलेल्या भिंतीला हात लावून पाहा, म्हणजे झाडाने काय सोसलं ते कळेल. आपल्याला शेगडी नको आहे. आपल्याला हवी आहे ती फक्त जागेची काटकसर. म्हणून युरोपातल्या पद्धतीतून तारा घ्या, बांधणी घ्या, छाटणीची शिस्त घ्या. भिंतीची ऊब मात्र तिकडेच राहू द्या. या लेखातली पुढची बहुतेक मापं आणि वेळा याच एका फरकामुळे पुस्तकांपेक्षा वेगळ्या आहेत.

हे सगळं फार परदेशी वाटत असेल तर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागा आठवा. खोडापासून दोन्ही बाजूंना तारेवर आडव्या नेलेल्या फांद्यांना तिथले बागायतदार 'ओलांडे' म्हणतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, काडी, डोळा, बगलफूट हे सगळे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत. मी पेरूच्या आडव्या फांदीलाही ओलांडाच म्हणते आणि इथेही तोच शब्द वापरणार आहे.

आधी सावली मोजा

रोप आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस परसात घालवा. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता भिंतीवर व जमिनीवर खडूने सावलीच्या रेघा मारा. फळझाडाला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते सकाळचं असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणून आपल्याकडे सगळ्यांत चांगली भिंत ती, जिचं तोंड पूर्वेला आहे: सकाळी ऊन, दुपारनंतर आडोसा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीचा अनुभव वर सांगितलाच. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत चालते, विशेषतः अंजिराला.

उत्तरेकडे तोंड असलेली भिंत मात्र फसवी. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो. सूर्य डोक्यावर असतो, कुठल्याच भिंतीची सावली पडत नाही आणि आपल्याला वाटतं, इथे तर भरपूर ऊन आहे. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी दक्षिणेकडे कलून अठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि सहा फुटी भिंतीची सावली साधारण साडेपाच फूट पसरते. पेरू पिकण्याच्या ऐन दिवसांत झाड सावलीत जातं. तेव्हा सावलीचं मोजमाप मे महिन्यात केलं असेल तर ते डिसेंबरात पुन्हा करा.

भिंत नसली तरी अडत नाही. दोन खांब रोवून मोकळी तार ताणली तर उलट बरं, वारा दोन्ही बाजूंनी खेळतो. अशी ओळ दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळी एका अंगाला आणि दुपारी दुसऱ्या अंगाला ऊन मिळेल.

भिंत शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या सामाईक मालकीची असेल तर खिळा ठोकण्याआधी बोलून घ्या. फळं आल्यावर चार पेरू पलीकडे गेले की विषय मिटतो, पण आधी बोललेलं चांगलं.

तारा आणि खड्डा

खिळे-खुंट्या थेट भिंतीत ठोकून झाड त्यांना बांधू नका. भिंतीपासून एक फूट पुढे लोखंडी अँगलचे किंवा सिमेंटचे खांब उभे करा आणि त्यांवर तारा ताणा. या एका फुटात वारा खेळतो, भिंतीची धग थेट लागत नाही, मागच्या बाजूला हात घालून बांधता येतं आणि पिठ्या ढेकूण लपून बसलाय का ते पाहता येतं. दिवाळीला भिंत रंगवायची असेल तर तेही जमतं.

तार १२ गेजची जी.आय. घ्या. पहिली तार जमिनीपासून दीड फुटावर, दुसरी तीन फुटांवर, तिसरी साडेचार फुटांवर. चौथी सहा फुटांवर घेता येते, पण तुमचा हात स्टुलाशिवाय पोचत नसेल तर तिच्या नादी लागू नका. स्टुलावर चढून करायची छाटणी पुढे ढकलली जाते आणि पुढे ढकललेली छाटणी होत नाही. प्रत्येक तारेच्या एका टोकाला ताण देणारा टर्नबकल बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फळांच्या ओझ्याने तार दर वर्षी थोडी ढिली पडते, तेव्हा दोन पेच फिरवले की काम होतं.

भिंतीलगतची माती म्हणजे बहुतेक वेळा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ असा ऐवज वर चार बोटं मातीखाली पुरलेला असतो. त्यातल्या चुना-सिमेंटमुळे लिंबाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि आपण उगाच खतं टाकत बसतो. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, निघेल तो राडारोडा बाहेर काढा. पोयटा माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. मुंबई-कोकणात पाणी साचत असेल तर खड्ड्याऐवजी वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

पेरू आणि अंजीर आठ फुटांवर एक, लिंबू सात-आठ फुटांवर. "तारेवर लावायचंय म्हणजे चार-चार फुटांवर चालेल ना?" असं लोक विचारतात. चालणार नाही. झाडाला जाडी नाकारली की त्याला लांबी द्यावी लागते, नाहीतर ते सारा जोर उभ्या फुटव्यांत काढतं आणि तुम्ही वर्षभर सिकेटर घेऊन त्याच्या मागे. अंजिराची मुळं चिवट आणि लांब जाणारी. ड्रेनेजची पाइपलाइन किंवा शोषखड्डा जवळ असेल तर अंजीर तिथे लावूच नका.

आडवी फांदी का फळते

उभ्या फांदीच्या शेंड्यात जे संजीवक तयार होतं ते खाली उतरत जातं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. म्हणून उभी फांदी नुसती उंच जाते, फुटते ती टोकाशीच. तीच फांदी वाकवून आडवी केली की शेंड्याचा हा वरचष्मा कमी होतो, फांदीच्या लांबीभर डोळे जागे होतात, वाढीचा वेग मंदावतो आणि फुलोरा वाढतो. पश्चिम बंगालमध्ये बारुईपूरकडचे पेरू बागायतदार नेमकं हेच करतात. फांद्या वाकवून बांधतात आणि हंगामाबाहेर फळ घेतात. तारेवरच्या झाडात ही वाकवणी कायमची केलेली असते, एवढंच.

पण फांदी एकदम आडवी केली तर तिची वाढ तिथेच थांबते आणि ओलांडा तारेच्या मध्यावर लटकत राहतो. यावरचा उपाय पुढे पेरूच्या बांधणीत येतोच.

पेरूचे ओलांडे

सुरुवात पेरूपासून करा. तो चुका माफ करतो, नव्या फुटीवरच फळतो आणि त्याच्या पानांची रचना या कामासाठी मुद्दाम केल्यासारखी आहे. पेरूची पानं समोरासमोर जोडीने येतात, म्हणजे एकाच उंचीवर दोन डोळे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. उभ्या खोडावर पुढची जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात असते. रोप लावताना ते हातात धरून फिरवा आणि पहिल्या तारेच्या जरा खालची जोडी तारेच्या दिशेत येईल असं बसवा. ही दोन मिनिटं पुढची दोन वर्षं वाचवतात.

जात कोणती? 'सरदार' म्हणजेच 'लखनौ-४९' माझ्या पसंतीची. नावात लखनौ असलं तरी ती निवडली गेली पुण्यात, गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात, १९२७ साली. झाड पसरट वाढतं, फांद्या आडव्या जायला कुरकुर करत नाहीत. 'अलाहाबाद सफेदा' चवीला छान, पण त्याचा कल उभं जाण्याकडे. 'तैवान पिंक' लवकर फळतो म्हणून हल्ली सगळीकडे दिसतो. तोही चालतो, पण पहिल्याच वर्षी फळांनी लगडू लागला तर त्याला आवरा. रोपवाटिकेत गेल्यावर दाट फांद्यांचं, गुबगुबीत रोप दाखवतील. ते नको. पेन्सिलीएवढ्या जाडीचं, एकसोट, खालपासून डोळे शाबूत असलेलं कलम मागा. पिशवी फाडल्यावर मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती मोकळी करा, फारच वेटोळी असतील तर कापा. मी एकदा तशीच लावली होती. तीन वर्षांनी झाड वाऱ्यात हलायला लागलं तेव्हा कारण कळलं.

लागवड जून-जुलैत करा. महिना-दीड महिन्यात नवी पालवी दिसू लागली की धीर करून शेंडा छाटा. तारेच्या दिशेत बसवलेल्या जोडीच्या वर आणखी एक जोडी ठेवून कापायचं. महिन्याभरात चारही डोळे फुटतील. खालच्या जोडीतले दोन्ही कोंब ठेवा, ते पहिले ओलांडे. वरच्या जोडीतला एक ठेवा, तो खोड होऊन दुसऱ्या तारेकडे जाईल. दुसरा खुडून टाका.

आता बांधणी. दोन्ही बाजूंना बांबूची एकेक कामटी पंचेचाळीस अंशांत तारांना बांधा आणि कोवळा कोंब कामटीला बांधत जा. कोंब हातभर झाला की कामटी चार बोटं खाली आणा. असं पंधरा-वीस दिवसांनी करत करत पावसाळा संपेपर्यंत तिला तारेवर निजवा, पण टोक मात्र शेवटपर्यंत किंचित वर राहू द्या. ते वर आहे तोवर ओलांडा लांबतो. शेजारच्या झाडाच्या ओलांड्यापर्यंत पोचला की टोकही खाली आणा.

दोन ओलांडे सारखे वाढत नाहीत, हे गृहीत धरा. मागे पडलेला वर उचला, पुढे गेलेला खाली दाबा. आठवडाभरात फरक दिसतो. एखादा डोळा फुटायलाच तयार नसेल तर त्याच्या जरा वर, सालीत नखाएवढी चंद्रकोरी खाच द्या. वरून येणारं संजीवक अडलं की डोळा उघडतो.

बांधायला जुन्या साडीच्या चिंध्या घ्या. सुती साडी असेल तर उत्तम. सुतळी चालेल. प्लास्टिकची दोरी आणि तार कधीही नको. फांदी जाडावते, दोरी सालीत रुतते आणि वाऱ्याच्या एका झोतात फांदी तिथेच मोडते. गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी घाला, एक वेढा तारेभोवती, दुसरा फांदीभोवती, मध्ये फुली. म्हणजे साल तारेला घासत नाही. वर्षातून दोनदा सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे. मी ते क्रिकेटचा सामना लावून करते.

खोडाचा कोंब दुसऱ्या तारेपाशी पोचला की तोच प्रकार पुन्हा. युरोपात एका वर्षात एकच थर मिळतो. आपल्या उन्हापाण्यात पेरू एका वर्षात दोन थर सहज देतो, पण घाई केली तर वरचा थर सगळा जोर ओढतो आणि खालचे ओलांडे काड्यांसारखे राहतात. पहिला थर अंगठ्याएवढा जाड झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

मे महिन्याआधी खोडाला आणि ओलांड्यांच्या वरच्या अंगाला चुना-मोरचुदाची पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरू नका, मोरचूद तिला खातं. चुना ऊन परतवतो, मोरचूद बुरशी रोखतं. पहिल्या पेरूला हे केलं असतं तर तो कदाचित वाचला असता.

बहार आणि छाटणी

पेरूची फुलं नव्या फुटीवर, तळाकडच्या पानांच्या बगलेत येतात. म्हणजे छाटणी केली की फूट, फूट आली की फूल. प्रश्न एवढाच, की फळ कधी हवं? पावसाळ्यात पिकणारा आंबिया बहार पाणचट असतो आणि फळमाशी त्यावर तुटून पडते. घरच्यासाठी मृग बहार धरा: फुलं जून-जुलैत, फळं नोव्हेंबर ते जानेवारीत. त्यासाठी फेब्रुवारीनंतर पाणी हळूहळू कमी करत एप्रिलमध्ये झाडाला ताण द्या. पानं मलूल होतील, काही गळतील. घरातले लोक पाण्याची झारी घेऊन धावतील, त्यांना आवरा. लहान, दोन वर्षांच्या आतल्या रोपाला मात्र ताण देऊ नका. मेच्या मध्याला ओलांड्यांवरच्या सगळ्या उभ्या काड्या दोन-तीन जोड्या डोळे ठेवून छाटा, आळं हलकं चाळून शेणखत घाला, आणि पाऊस येईपर्यंत पाणी पुन्हा सुरू करा.

फूट आली की निवड करा. ओलांड्यावर वीतभर अंतराने एकेक काडी ठेवा. भिंतीच्या दिशेने आणि थेट समोर फुटलेल्या काड्या कोवळ्या असतानाच बोटांनी खुडा. खोडातून सरळ उसळून येणारे लठ्ठ पाणसोट दिसताक्षणी काढा. ते फळ देत नाहीत आणि एका महिन्यात सगळा आकार बिघडवतात. फळं सुपारीएवढी झाली की काडीमागे एक, फार तर दोन ठेवून बाकीची विरळणी करा आणि शेंडा फळापुढे चार पानांवर खुडा. भर पावसात सिकेटर चालवू नका. त्या दिवसांत जे करायचं ते नखांनी.

पाण्यासाठी झाडाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर पुरतात, आळ्यात वाळल्या पानांचं आच्छादन ठेवा.

अंजीर: जपानी आडवी रेघ

अंजिराला पेरूसारखे तीन थर देऊ नका. मी दिले, आणि वरच्या थराच्या ताटाएवढ्या पानांनी खालच्या दोन्हींचं ऊन गिळलं. जपानमधले अंजीर बागायतदार एक सुटसुटीत रीत वापरतात. तिचं नावच 'एकाच्या आकड्यासारखी' अशा अर्थाचं आहे, कारण जपानी लिपीत एक हा आकडा आडव्या रेघेने लिहितात. दीड-दोन फुटांवर दोन्ही बाजूंना एकेक ओलांडा, बस. त्या ओलांड्यावर दीड-दीड वितीने एकेक उभी काडी वाढवायची, तारांना बांधायची. अंजीर प्रत्येक पानाच्या बगलेत येतं. हंगाम संपला की सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर पुन्हा छाटायच्या. दर वर्षी तीच खुंटी, तीच जागा. यात चूक करायला फारसा वाव नाही.

आपल्याकडे पुरंदर तालुक्यातला अंजीर प्रसिद्ध. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे दोन बहार चालतात: पावसाळ्यातला खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा मिठा. नावातच सल्ला आहे. परसासाठी मिठा बहार धरा. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी, फळं फेब्रुवारीपासून. 'पूना' जातीला परागीकरणासाठी दुसरं झाड लागत नाही. अंजिराच्या पानांची जोडी समोरासमोर नसते, म्हणून दोन ओलांडे एका उंचीवर येणार नाहीत, दोन-तीन बोटांचा फरक राहील. राहू द्या.

छाटताना हातमोजे घाला आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. अंजिराचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं तर फोड येतात. पानांखाली तांबूस पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं गोळा करून टाका आणि लिटरमागे दहा-दहा ग्रॅम मोरचूद व चुन्याचं मिश्रण फवारा.

लिंबाला इतकी शिस्त सोसत नाही. काटेरी, दाट, मनमानी झाड. त्याच्याकडून काटकोनी आकाराची अपेक्षा न ठेवता पंख्यासारखं पसरवा: बुंध्यातून पाच-सहा फांद्या जाळीवर फाकवून बांधायच्या, पुढे-मागे येणाऱ्या छाटायच्या आणि बाकी त्याच्यावर सोडायचं. जास्त छाटलं तर फळ कमी होतं. 'साई सरबती' घ्या. नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बसतात, त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या. चार-सहा असतील तर हाताने वेचा. मी दोन ठेवते, फुलपाखरं आवडतात म्हणून.

डाळिंबही पंख्यासारखं होतं आणि फुलल्यावर त्याच्याइतकं देखणं काही नाही, पण कोरड्या हवेतच. दमट गावात तेल्या रोग पाठ सोडत नाही. पपई, नारळ यांचा प्रश्नच येत नाही, त्यांना फांद्या कुठे आहेत? चिकू फार सावकाश. आंब्याबद्दल हटकून विचारतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये आंबा तारांवर चढवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते शेतावरचे, यंत्रांसह. नऊ फुटी परसात हापूसशी कुस्ती खेळायची हौस असेल तर खेळा, मी पंच व्हायला येणार नाही.

माशी, पोपट आणि पहिलं फळ

पेरूचा खरा शत्रू फळमाशी. बाहेरून फळ धडधाकट आणि आत अळ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला 'रक्षक सापळा' किंवा तसाच मिथाईल युजेनॉलचा सापळा टांगा, पण त्यावर विसंबू नका. तो फक्त नर पकडतो. पक्का उपाय म्हणजे फळ लिंबाएवढं झालं की त्याला कागदाची किंवा मलमलची पिशवी बांधणं. मोठ्या झाडावर हे अशक्य असतं. तारेवरच्या झाडावर प्रत्येक फळ हाताशी असल्याने दोन झाडांच्या पिशव्या एका दुपारी होतात. पोपट आणि वटवाघळंही पिशवीला फसतात. गळालेलं किडकं फळ आळ्यात ठेवू नका, खोल पुरा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या भाचीला मी हा सगळा मजकूर पाठवला आणि तिने तो जसाच्या तसा सफरचंदाला लावायला घेतला. तिकडे उलटं. दक्षिणेकडे तोंड असलेली तापणारी भिंत उत्तम. सफरचंदाचं कलम बुटक्या खुंटावरचं घ्या, एम-२६ किंवा एमएम-१०६. केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राच्या कामातून आलेले हे खुंट तिथल्या प्रत्येक रोपवाटिकेत मिळतात. सांगाडा हिवाळ्यात घडवायचा आणि नव्या बगलफुटी ऑगस्टमध्ये तळाच्या पुंजक्यापुढे तीन पानांवर छाटायच्या. प्लम, चेरी, पीच यांना आडवे ओलांडे मानवत नाहीत, त्यांचा पंखाच करा. आणि प्लम-चेरी हिवाळ्यात कापू नका, त्या जखमांतून पानं चंदेरी पाडणारी बुरशी शिरते.

पहिल्या वर्षी येईल ते प्रत्येक फूल खुडा. दुसऱ्या वर्षी झाडामागे पाच-सात फळं ठेवा, तीही खालच्या ओलांड्यावर आणि खोडाच्या जवळ. टोकाला ठेवलेलं फळ कोवळा ओलांडा वाकवून टाकतं. फुलं खुडायचं हे काम कुणाला सांगू नका, स्वतः करा. मी एकदा सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी सगळी खुडली म्हणून सांगितलं, आणि ऑक्टोबरात दुसऱ्या तारेच्या अगदी टोकाला, पानाआड, जुन्या साडीच्या चिंधीने नीट आधार देऊन बांधलेला एक पेरू मला सापडला.